फेरी झाली, असं मी कळवलं

नाशिकरोडला ऑक्टोबर आला की आधी तो नाकाला कळतो. एकलहऱ्याच्या रस्त्याला लागलं की मळ्यांत द्राक्षांची छाटणी सुरू झालेली असते आणि छाटलेल्या काड्यांना लावलेल्या औषधाचा उग्र वास घशात जाऊन बसतो. ऊन असं, की पावसाळा संपला यावर विश्वास बसावा. घाम असा, की बसू नये. शाळेत सहामाही परीक्षा असते. कपाटातून पेपरांचे गठ्ठे निघतात, लाल पेनं निघतात आणि माझ्या पायांना काहीतरी होतं. मला एका जागी बसवत नाही. पेपरसुद्धा मी उभ्यानं तपासते, स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून. आई म्हणायची, "या पोरीला पाट मांडून दिला तरी ही उभ्यानंच जेवेल." आईला जाऊन बरीच वर्षं झाली, मी चोपन्नची झाले, घरातले पाट जाऊन टेबल-खुर्च्या आल्या. सवय मात्र तीच.

पण गेली दोन वर्षं ऑक्टोबरातली ही तगमग निराळी आहे. तिचं कारण मला ठाऊक आहे, आणि परवा एका छोट्या निरोपानं ते पुन्हा वर आलं.

"मॅडम, फेरी झाली."

निरोप मनमाडच्या एका डॉक्टरांचा होता. सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी मी त्यांना कळवलं होतं, की आता फेरी मारा. आठ अकराला ती झालीसुद्धा. सात मिनिटांत बारा घरं. म्हणजे प्रत्येक उंबऱ्यावर माणूस जेमतेम अर्धा मिनिट टेकला. मी फोन पालथा ठेवला, परत उचलला, गॅस बंद केला, परत लावला. दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, हाच निरोप मी पाठवला होता. आणि माझा खोटा होता.

फेरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मी हौशी रेडिओवाली. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, गच्चीवर तार बांधून घरातून बोलणाऱ्यांपैकी. "मोबाईल असताना हे कशाला?" असं आमच्या कॉलनीतलं प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतं. आधी मी उत्तर द्यायचे, मग हसायचे, आता चहा पुढे करते. खरं उत्तर असं आहे, की मोबाईलवर ज्याला लावावा तोच बोलतो. रेडिओवर आपण नुसती हाक घालतो आणि मग थांबतो. कोण ओ देईल ते माहीत नसतं. ही थांबण्याची विद्या माझ्यासारख्या उतावळ्या बाईला का आवडावी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. जे अंगात नसतं त्याचीच हौस असते, दुसरं काय.

पावसाळाभर आमचा रेडिओ म्हणजे नुसती खरखर. कुठेतरी वीज चमकली की इथे कानात चाबूक वाजतो. ऑक्टोबरात ही खरखर खाली बसते आणि लांबलांबचे आवाज स्वच्छ व्हायला लागतात. वाऱ्यापावसानं ढिल्या पडलेल्या तारा लोक पुन्हा ताणून बांधतात. शेतकऱ्यांची छाटणी आणि आमची बांधणी एकाच पंधरवड्यात येते.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मी साखळीत शिरले. गोदा-गिरणा साखळी. आमच्या या भागातल्या रेडिओवाल्यांनी इंटरनेटवर आपापली पानं केली आहेत. कुणी स्वतः बनवलेल्या अँटेनाचे फोटो टाकतं, कुणी कुठल्या देशाशी बोलणं झालं ते लिहितं. इगतपुरीचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका फक्त धुक्याचे फोटो टाकतात आणि खाली लिहितात, "या धुक्यात अँटेना आहे." ही सगळी पानं एकमेकांना जोडलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी असते आणि पट्टीवर दोन शब्द : मागे, पुढे. पुढे दाबलं की शेजारच्याचं पान उघडतं, तिथे पुढे दाबलं की त्याच्या शेजारच्याचं. असं दाबत दाबत गेलं की माणूस गोल फिरून स्वतःच्या दारात येतो. ती फेरी. मधे कुठलं यंत्र नाही, मालक नाही. प्रत्येकानं आपल्या दोन शेजाऱ्यांचे पत्ते स्वतःच्या हातानं पट्टीत लिहायचे. एकानं चुकीचा लिहिला, की साखळी तिथे तुटते.

सकाळी साडेसातला रेडिओवर सगळ्यांची हजेरी होते, ख्यालीखुशाली होते, आणि मग चहा घेत घेत निम्मे लोक फेरीला निघतात. गावाकडे म्हातारी माणसं सकाळी पारापर्यंत चक्कर मारून येतात, तशी ही चक्कर. सगळे पुढेच दाबतात. मागे दाबणारा मी अजून पाहिलेला नाही.

साखळी सांभाळतात मालेगावचे इक्बालभाई. यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करण्याचं त्यांचं काम, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं उर्दू. मी आत यायचं म्हटल्यावर त्यांनी फोनवर मला नियम सांगितला. "मॅडम, कडी जोडणं आसान आहे. सिन्नर आणि नामपूरच्या बीचमें तुमची जागा. पट्टी लावा, आणि मग अपने पानसे निघून पूरी फेरी मारा. अपने पानपे वापस पोचल्या, की मला कळवा. मी चेक नाही करणार. जो नया आता है, वोही चेक करता है. अपना एकच उसूल आहे."

म्हणजे सिन्नर माझं मागे, नामपूर माझं पुढे. नामपूरचे भिला आप्पा माझे शेजारी झाले ते असे.

आप्पांचं पान मी साखळीत येण्याआधीपासून वाचत होते. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर बांबूच्या उंच काठीचा एक फोटो, बाकी नखरा नाही. रोज सकाळी एकच मथळा : आज कोण ऐकू आलं. आणि खाली एक-दोन ओळी. "इगतपुरीवाले. विहिरीत उतरून बोलल्यासारखे." "श्रीलंकेतला एक माणूस, मोर्सवर. हात गोड." "कोणी नाही. सटाण्याकडे वीज." अगदी तळाला एक आकडा असायचा, किती जणांनी पान उघडलं त्याचा. इतर लोक त्याला काहीबाही इंग्रजी नाव देतात. आप्पांनी लिहिलं होतं, "पाहुणे."

नामपूरच्या कांदा मार्केटजवळ आप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले तसं दुकान गेलं. लिलाव पुकारणाऱ्यालाही झाकून टाकेल असा त्यांचा आवाज होता म्हणे. मी तो कधी ऐकला नाही. मी या छंदात येण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. सकाळच्या हजेरीत सगळे बोलत आणि शेवटी आप्पांची की, म्हणजे मोर्स वाजवायचं बटण, वाजायची : दोन-चार ठिपके आणि रेघा, मी आहे, एवढं सांगण्यापुरत्या. मोर्स कळणारे आमच्यात तीन-चारच. मी परीक्षेपुरती शिकले आणि परीक्षा झाल्यावर विसरले. शिक्षिकेनं हे छापून आणू नये, पण खरं आहे. तेव्हा आप्पा जे काही बोलत ते त्या पानावर. ते पान हाच त्यांचा आवाज होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

तो रविवार मला लख्ख आठवतो. टेबलावर नववीच्या भूगोलाचे पेपर, खिडकीतून छाटणीचा वास, गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या उलटायच्या राहिलेल्या. मी उभ्याउभ्याच संगणकावर पट्टी लावायला घेतली. स्वतः लिहायचा कंटाळा. आप्पांची पट्टी सगळ्यांत साधी, म्हणून त्यांच्या पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, "आप्पा, तुमची पट्टी उचलू का?" दहा मिनिटांत त्यांच्या अहिराणीत उत्तर : "लई ले माय. तुनीच शे."

घे बाई, तुझीच आहे. मी ती जशीच्या तशी उचलून माझ्या पानावर चिकटवली. मागेमधला पत्ता पाहिला, सिन्नर. बरोबर. कारण तोवर सिन्नरनंतर आप्पाच होते. मागे बरोबर, म्हणजे पुढेही बरोबरच असणार, असं मी धरून चालले. पण आप्पांच्या पट्टीत पुढे होतं ते मालेगाव. तिथे मी नामपूर लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. आप्पांनी दिलेल्या पट्टीनंच मी आप्पांना वगळलं. माझ्या दारातून निघालेला पाहुणा आता थेट मालेगावला पोचत होता.

फेरीसाठी नुसतं एकदा पुढे दाबलं असतं, तरी हे दिसलं असतं. एकदा. पण सगळी पानं मी आधी पाहिलेली होती, गोधड्या उलटायच्या होत्या, सत्तावीस पेपर उरले होते. मी इक्बालभाईंना निरोप पाठवला, "फेरी झाली, भाई." लगेच उत्तर आलं, "माशाल्लाह. आता तुम्ही कडी झाल्या, मॅडम."

मला फार आनंद झाला होता. तो आनंदही खोटा म्हणावा का? मला नाही वाटत. साखळीत माझं नाव आलं म्हणून मी शेजारणीला शिरा नेऊन दिला. तिला काय कळलं कोण जाणे, पण शिरा चांगला झाला होता.

पुढचे दिवस माझ्या पानावर माणसांची ये-जा सुरू झाली. रोज वीस-पंचवीस जण. मी माझा आकडा दिवसातून दहादा बघायचे. वर्गात मुलं नकाशे भरत असताना टेबलाखाली फोन धरून बघायचे. कुणीतरी आपल्याकडे येतं आहे, हे कळण्यात केवढी धुंदी असते. तेव्हा ज्याच्याकडे कुणीच येत नाही त्याला काय होत असेल, हा विचार शिवलासुद्धा नाही. मीही फेरी मारायचे, पण ती इगतपुरीच्या धुक्यापासून पुढे, वाटेल तिथून वाटेल तिथे. घाईतली माणसं फेरी मारत नाहीत, उड्या मारतात. इक्बालभाई त्या महिन्यात मुलीच्या लग्नात अडकलेले. बाकीच्यांना वाटलं, नवी कडी आली, क्रम जरा हलला असेल. गोलातून एक माणूस गळला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली त्या सकाळी हजेरीत इगतपुरीचे काका म्हणाले, "अरे, आप्पांची की चार दिवस वाजली नाही. कुणाला काही कळलं का?"

कुणीतरी म्हणालं, "पानावरही दिसले नाहीत बरेच दिवस."

"गळ्याचंच परत उपटलं असेल."

रेडिओवरची शांतता घरातल्या शांततेपेक्षा वाईट असते, कारण तिच्यात बारीक सुस्कारा चालू असतो. मी संगणक उघडला. माझं पान. तळाशी पट्टी. पुढे. मालेगाव उघडलं. मला वाटलं, बोट चुकलं. परत आले, परत दाबलं. मालेगाव.

मी खाली बसले. जी गोष्ट आईला कधी जमली नाही ती त्या एका शब्दानं केली.

आप्पांचा पत्ता हातानं टाइप करून मी पान उघडलं. ते तिथेच होतं, तसंच, पांढऱ्यावर काळं. ओळीनं खाली खाली वाचत गेले. "सिन्नरवाले. खणखणीत. आज नवे पाहुणे तीन." दुसऱ्या दिवशी, "पाहुणे कालचेच." तिसऱ्या दिवशी, "पाहुणे कालचेच." पुढे नऊ दिवस तेच. मग, "आज ऐकलं नाही." आणि शेवटी चार दिवसांपूर्वीची एक ओळ : "दिवाळी झाली की तार उतरवतो. सर्वांना नमस्कार."

तार उतरवतो म्हणजे संपलं. रेडिओवाला आजारी पडला, गाव बदललं, डोळ्यांनी दिसेनासं झालं, तरी तार उतरवत नाही. आणि या माणसाकडे दुसरा आवाज नव्हता.

चूक दुरुस्त करायला अर्धा मिनिट लागला. मालेगाव पुसलं, नामपूर लिहिलं. पाच-सहा वेळा पुढे दाबून पाहिलं. सहाही वेळा आप्पांचं पान आलं. मला हुश्श झालं. कुणाला कळलं नव्हतं, आता कळणारही नव्हतं. एक चहा पिऊन होईपर्यंत मी सुखी होते. मग मी आप्पांचं पान उघडून नव्या ओळीची वाट बघायला लागले. तळाचा आकडा चढत होता, लोक पुन्हा जायला लागले होते. ओळ येत नव्हती. दोन दिवस मी घरभर फिरले. फराळाची चकली तेलात विरघळली, करंज्या फुटल्या. जावयाला वगैरे बरं नाही का, असं शेजारीण विचारून गेली. मला जावई नाही.

तिसऱ्या दिवशी इक्बालभाईंकडून नंबर घेऊन नामपूरला फोन लावला. आप्पांच्या सूनबाईंनी घेतला. मंगल नाव. "आप्पा ते पान उघडतच नहीत हो आते," ती म्हणाली. "मी म्हनते, बघा तरी. नही. रेडिओवर टावेल टाकी दिना. दिवायी झायी की तार बी उतारी टाकसू म्हनतस."

"त्यांच्याकडे द्या ना जरा," मी म्हटलं.

फोनवर श्वास ऐकू आला. नेहमीच्या माणसाचा नव्हे, गळ्यातून थेट येणारा, शिट्टीसारखा. "आप्पा, मी नाशिकची सुजाता," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य येईना. पट्टीचं काहीतरी बोलले, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, तब्येत जपा म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग फोनच्या पाठीवर नखानं टकटक सुरू झाली. छोटी, मोठी, मोठी, मोठी. ते मोर्समध्ये काहीतरी विचारत होते. सावकाश, मला कळावं म्हणून अगदी बालवाडीच्या गतीनं. मला एक अक्षर लागलं नाही. ते थांबले, पुन्हा तेच वाजवलं. मी म्हटलं, "हो आप्पा, हो." आणि फोन ठेवला. कशाला हो म्हटलं, देव जाणे. इतकी लाज मला परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती.

मग इक्बालभाईंना सगळं सांगितलं. फेरी मारलीच नव्हती, हेसुद्धा. ते म्हणाले, "टेन्शन मत लो, मॅडम. मी बोलतो आप्पांना. टेक्निकल प्रॉब्लेम था, बोल देता हूं. तुमचं नाव नाही घेणार."

किती बरं वाटलं ते ऐकून, काय सांगू. मी जवळजवळ हो म्हणाले होते. पण माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामगार होते. तिथे दुरुस्तीसाठी एखादी लाईन बंद केली, की त्या बटणावर लाल पाटी अडकवायची रीत असे, आणि जो पाटी अडकवेल त्यानंच ती काढायची. साहेबानंही नाही. पाळी संपवून माणूस घरी गेलेला असला, तरी त्याला घरून बोलावून आणत. वडील एकदा तापानं फणफणलेले असताना रात्रपाळीच्या गाडीतून केवळ एक पाटी काढायला गेले होते. आम्ही लहान होतो, आम्हाला तो वेडेपणा वाटला. "भाई, तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "मीच जाऊन येते."

सटाण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. उभं राहायला जागा नव्हती म्हणून बसले, असंही म्हणता येईल. सटाण्याला गाडी बदलली. नामपूर जवळ आलं तशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि चाळींत सहा महिने साठवलेल्या कांद्याचा कुबट, गोडसर वास आत शिरला. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. दुसऱ्याची चूक सांगायची वाक्यं कशी चटकन सुचतात. स्वतःच्या चुकीचं वाक्य मात्र प्रत्येक थांब्यावर मोडत होतं.

मोसम नदीच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला आप्पांचं घर. फोटोतली बांबूची काठी लांबूनच दिसली. ती उभी नव्हती. तिच्या ताणाच्या दोऱ्या सोडलेल्या होत्या आणि ती छपराला रेलून तिरकी पडली होती. दिवाळी व्हायची होती अजून, तरी आप्पांनी सुरुवात केली होती. ते ओट्यावर बसून तांब्याच्या तारेचं वेटोळं करत होते. बारीक अंगाचा, मोठ्या कानांचा म्हातारा. गळ्याला पांढरा रुमाल. मंगलनं पाणी आणलं. मी ते उभ्यानंच प्यायले आणि उभ्यानंच सांगून टाकलं. की तुमची पट्टी मी उचलली. की तिच्यात तुमचं नाव घालायला विसरले. की फेरी मारली नाही आणि मारली म्हणून कळवलं. की लोक यायचे थांबले नव्हते, मी त्यांना येऊ दिलं नव्हतं.

तारेचं वेटोळं हातात तसंच राहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मंगलकडेही नाही. मग शेजारची पाटी ओढली, नातवाची असावी, आणि खडूनं लिहिलं : "माले वाटनं, मुका मानूसकडे कोन किती येई."

म्हणजे, "मला वाटलं, मुक्या माणसाकडे कोण किती येणार." मंगल आत निघून गेली. मी रडले. सांगायला लाज नाही.

आप्पांनी पाटी पुसली. नवीन लिहिलं, "फेरी मारी?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

"ते मार आते." आणि त्याखाली, अधोरेखित करून, "बठ."

मी बसले. त्यांनी माझा फोन घेतला, माझं पान उघडून परत हातात दिला आणि शेजारी सरकून बसले. पुढे. त्यांचं स्वतःचं पान आलं. ते त्यांनी झर्रकन पुढे ढकललं, लाजल्यासारखं. मालेगाव. इक्बालभाईंच्या पानावर मागातल्या एका गिअरचा फोटो होता; आप्पांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, खालचं सगळं वाचलं, वाचून होईपर्यंत मला पुढे दाबू दिलं नाही. दोनदा मी घाईनं बोट नेलं, दोनदा त्यांनी मनगटावर टिचकी मारली. एका पानावर ते हसले, गळ्यातून हवेचा आवाज आला. एका पानावरच्या माणसाची बायको गेल्याचं लिहिलं होतं. तिथे त्यांनी पाहुण्यांच्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि मलाही लिहायला लावल्या. दरम्यान दोन चहा झाले, शेंगदाणे झाले, गल्लीतून कांद्याचे तीन ट्रॅक्टर गेले. इगतपुरीच्या धुक्यात त्यांनी खरोखर अँटेना शोधली, आणि सापडली. मी वर्षभर ते पान बघत होते. मला वाटायचं, काका थट्टा करतात.

सिन्नर आलं. पुढे. माझं पान. पोचले. "झाली," मी म्हटलं. आप्पांनी मान हलवली, नाही. बोटानं खूण केली, अजून एकदा. पुढे दाबलं, आणि नामपूर उघडलं. या वेळी त्यांनी ते ढकललं नाही. तळाशी गेले. पाहुण्यांच्या आकड्यावर बोट ठेवलं. माझी चूक सुधारल्यापासून तो बराच पुढे गेला होता, आणि ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. बोट तिथून हलेना.

मग ते उठले, छपराशी गेले आणि ताणाच्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. पाटी लागली नाही. धर, हे कुठल्याही भाषेत कळतं. मी पाय रोवून दोरी ओढली, मंगलनं दुसरी ओढली, आप्पांनी काठीला खांदा दिला. काठी उभी राहिली.

परतीच्या गाडीत सटाण्याच्या अलीकडे फोनला रेंज आली. आप्पांचं पान उघडलं. नवीन ओळ होती. "आज कोण ऐकू आलं : नाशिकच्या बाई. रेडिओवर नाही, ओट्यावर. दीड तास बसल्या."

दुसऱ्या सकाळी हजेरीत मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. शेवटी आप्पांची की वाजली. त्या हिवाळ्यात मी मोर्स पुन्हा शिकले. फोनवर त्या दिवशी त्यांनी काय विचारलं होतं, ते नंतर कळलं. "जेवण झालं का?" आणि मी म्हटलं होतं, हो आप्पा, हो.

हे सगळं परवा आठ अकराला पुन्हा पुढ्यात आलं. कारण इक्बालभाईंनी नव्या माणसांना आत घ्यायचं काम आता माझ्या गळ्यात घातलं आहे, आणि डॉक्टरांची जागा नेमकी माझ्या आणि आप्पांच्या मधली. मी त्यांना नियम सांगितला होता, फक्त नियम. माझी गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली म्हणजे मी ठेवली होती. तपासायचं नाही, हा इक्बालभाईंचा उसूल. दिवसभर मी तो पाळला. सहावीचे पेपर तपासले, ओट्याशी चार वेळा गेले, गच्चीवर जाऊन तार बघून आले. छाटणीचा वास नाकात. संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला आणि पट्टीपासून पाटीपर्यंत सगळं सांगितलं, काही न गाळता. ते ऐकत राहिले. म्हणाले, "मॅडम, दवाखान्यात गर्दी होती. पण दाबलंय मी सगळीकडे." मी बरं म्हटलं. मग खुर्ची ओढून बसले आणि माझं पान उघडलं. तपासायला नाही, रोजच्या फेरीला. पुढे. मनमाड. डॉक्टरांचं नवंकोरं पान, अजून रिकामं. पुढे.

नामपूर आलं. पांढऱ्यावर काळं, काठी उभी.

"आज कोण ऐकू आलं : मनमाडचे डॉक्टर. वहीत नुसतं 'नमस्कार' लिहून गेले. घाईत होते. पण आले."